व्हिडिओ संपल्यावर काय?

१८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशात कुठेही पत्र पाठवण्याची सोय झाली आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवायचा, टपालाने पाठवायचा आणि तपासलेला कागद परत आला की आपण कुठे चुकलो ते पाहायचं, एवढीच पद्धत. दूरशिक्षणाच्या इतिहासात हे उदाहरण सांगताना बहुधा टपालाचं कौतुक होतं. मला मात्र त्या परत येणाऱ्या कागदाचं महत्त्व अधिक वाटतं. धडा टपालाने जात होता खरा, पण विद्यार्थी शिकत होता तो दुरुस्त्यांमुळे. त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत धडा पोचवण्याची साधनं रेडिओ, दूरदर्शन, उपग्रह, इंटरनेट अशी झपाट्याने बदलत गेली. आज गडचिरोलीतल्या मुलाला अमेरिकेतल्या प्राध्यापकाचं व्याख्यान घरबसल्या ऐकता येतं. पण त्या मुलाने सोडवलेलं गणित कोण पाहतं, हा प्रश्न बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रमांत अनुत्तरितच राहतो. ऑनलाइन शिक्षण चांगलं की वाईट, हा आपल्याकडचा वाद म्हणूनच मला चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. विद्यार्थ्याकडून काय करवून घेतलं जातं आणि त्याने केलेल्या कामाला उत्तर कोण देतं, यावर अभ्यासक्रमाचं यश ठरतं. याचे पुरावे आता भरपूर जमले आहेत, पण आपला पैसा आणि आपली मेहनत अजून व्हिडिओ तयार करण्यातच जाते आहे.

२०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं नोंदवली आणि सुमारे २३ हजारांनी अभ्यासक्रम पुरा केला. पुढच्याच वर्षी एमआयटीच्या विद्युतमंडलांच्या अभ्यासक्रमाला सुमारे १ लाख ५५ हजार नोंदण्या झाल्या, प्रमाणपत्रं मिळाली ७,१५७ जणांना. जगातल्या विद्यापीठांच्या भिंती आता पडणार, अशी भाकितं तेव्हा सर्रास होत होती. २०१९ साली जस्टिन राइक आणि होसे रुइपेरेझ-वालिएंते या संशोधकांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा हिशेब ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचं प्रमाण होतं ३.१३ टक्के. सहा वर्षांत ते सुधारलं नव्हतं, उलट घसरत गेलं होतं. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. फुकटच्या अभ्यासक्रमात कितीतरी लोक नुसते डोकावायला येतात, एखादा धडा पाहून समाधानाने निघून जातात. त्यांना नापास कशाला धरायचं? ते धरू नयेच. पण याच अभ्यासात पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेला लागलेल्यांचा वेगळा हिशेब आहे, आणि त्यांच्यातलेही ४६ टक्केच शेवटपर्यंत पोचले. ही माणसं डोकावायला आलेली नव्हती. त्यांना शिकायचं होतं आणि त्यांच्यासमोर जगातले उत्तम प्राध्यापक होते. तरी निम्म्याहून अधिक जण वाटेत थांबले.

ते का थांबतात याची कारणं अनेक आहेत, पण मुळाशी शिकण्याविषयीचा एक गैरसमज आहे. चांगलं समजावून सांगितलं की समोरच्याला येतं, असं आपण धरून चालतो. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या केनेथ कोडिंजर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मानसशास्त्राच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमातल्या विद्यार्थ्यांचा माग काढला. कोणी किती व्हिडिओ पाहिले, किती पानं वाचली, किती सरावप्रश्न सोडवले आणि शेवटी किती गुण मिळवले, हे सगळं त्यांनी ताडून पाहिलं. सरावप्रश्न सोडवण्याचा गुणांशी असलेला संबंध व्हिडिओ पाहण्याच्या किंवा वाचण्याच्या संबंधाहून सहापट बळकट निघाला. त्याआधी २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी एक सोपा प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटं झालं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. हार्वर्डमध्ये २०१३ साली झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात व्हिडिओ व्याख्यान तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी घेतली गेली, तेव्हा मन भरकटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणजे चाचणीमुळे मोजमाप तर होतंच, शिवाय शिकणंही घडतं. आपल्याकडे परीक्षेचा धसका एवढा आहे की हे वाक्य पचायला जड जाईल. पण गुण न देता, निकाल न लावता विचारलेला प्रश्न हा शिकवण्याचाच भाग आहे, आणि पडद्यावर तो विचारणं वर्गातल्यापेक्षा सोपं आहे. वर्गात एका प्रश्नाला एकच मुलगा उत्तर देतो. पडद्यावर प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं.

मग विद्यार्थी स्वतःच असं शिक्षण का मागत नाहीत? कारण आपण किती शिकलो याचा आपला अंदाज चुकतो. २०१९ साली हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत लुई डेस्लोरिए आणि सहकाऱ्यांनी एकच धडा दोन प्रकारे शिकवला. एका गटाला कसलेल्या प्राध्यापकाचं ओघवतं व्याख्यान मिळालं, दुसऱ्या गटाने तीच सामग्री घेऊन आधी स्वतः गणितांशी झटापट केली. चाचणीत दुसरा गट सरस ठरला, पण ‘आम्ही कमी शिकलो’ असं त्याच गटाला वाटत होतं. ऐकताना सगळं स्पष्ट वाटतं, करताना अडखळायला होतं, आणि त्या अडखळण्यालाच आपण न येणं समजतो. अभ्यासक्रमाखालच्या चांदण्या आणि ‘सर, फारच छान समजावलंत’ असे अभिप्राय यांच्या जोरावर अभ्यासक्रम रचणारी संस्था म्हणूनच फसते. अभिप्राय खोटे नसतात. ते व्याख्यानाविषयी असतात, शिकण्याविषयी नसतात.

चांगला अभ्यासक्रम रचायचा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, शेतकऱ्यांना खताचा हिशेब शिकवायचा आहे. नेहमीच्या रिवाजाने पहिला व्हिडिओ मातीच्या घटनेवर, दुसरा अन्नद्रव्यांवर, तिसरा खतांच्या प्रकारांवर, आणि शेवटी चार प्रश्नांची एक चाचणी. त्याऐवजी शेवटापासून सुरुवात करू. अभ्यासक्रम संपल्यावर शेतकऱ्याला शिफारस वाचून कुठलं खत किती आणायचं ते ठरवता आलं पाहिजे. तर पहिल्याच पडद्यावर शिफारस द्यायची: हेक्टरी १०० किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद. स्फुरद डीएपीतून द्यायचं आहे, त्यात ४६ टक्के स्फुरद आणि १८ टक्के नत्र असतं. उरलेलं नत्र युरियातून, ज्यात ४६ टक्के नत्र असतं. युरिया किती लागेल? ५० किलो स्फुरदासाठी सुमारे १०९ किलो डीएपी लागतं, त्यातून जवळपास २० किलो नत्र मिळून जातं, उरलेल्या ८० किलो नत्रासाठी सुमारे १७५ किलो युरिया, म्हणजे ४५ किलोच्या चार गोण्यांहून थोडा कमी. आता खरी कसोटी चुकीच्या पर्यायांची आहे. १०० किलो म्हणणाऱ्याने नत्र आणि युरिया एकच धरलं, शिवाय डीएपीतलं नत्रही वजा केलं नाही. २१७ किलो म्हणणारा टक्केवारी बरोबर लावतो, पण डीएपीतलं नत्र विसरतो. ८० किलो म्हणणाऱ्याला डीएपी आठवलं, टक्केवारी राहिली. तीन चुका, तीन वेगळे गैरसमज, आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर हवं. ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ एवढ्यावर तिघेही जिथल्या तिथे राहतात. ‘१०० किलो युरियात नत्र किती, ते आधी काढा’ असं पहिल्याला सांगितलं, तर तो पुढे सरकतो. अशी उत्तरं लिहायला शेतकरी नेमका कुठे चुकतो हे माहीत असलेला माणूस लागतो. कृषी सहायक किंवा खताच्या दुकानात वर्षानुवर्षं बसलेला माणूस ते स्टुडिओतल्या कुणाहीपेक्षा चांगलं सांगेल. मग हाच प्रश्न आकडे बदलून तीन दिवसांनी, पुन्हा दोन आठवड्यांनी विचारायचा. व्हिडिओला यात जागा आहेच, पण ती शेतकरी अडला की उघडायच्या चार मिनिटांच्या खुलाशाची.

व्हिडिओविषयी फार लिहायची गरज नाही. २०१४ साली फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हता. खर्चिक स्टुडिओतल्या चित्रीकरणापेक्षा टेबलाशी बसून मोकळेपणाने बोलणाऱ्या शिक्षकाचा व्हिडिओ लोक अधिक वेळ पाहत होते. रिचर्ड मेयर यांच्या कित्येक वर्षांच्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली: आकृती दाखवत शिक्षक बोलत असताना तीच वाक्यं पडद्यावर अक्षरांत उमटवली, तर समजायला मदत होण्याऐवजी अडथळा होतो. पार्श्वसंगीत, फिरती चिन्हं, सजावट यांचंही तेच. आपल्याकडे बहुतेक विद्यार्थी फोनवर आणि मोजक्या डेटावर शिकतात, तेव्हा छोटा, साधा, उतरवून घेता येणारा व्हिडिओ हाच त्यांना परवडतो. सोबत मराठीतलं छापता येईल असं टिपण असावं. शैक्षणिक गुणवत्ता आणि काटकसर इथे एकाच दिशेला जातात.

खताच्या उदाहरणात पाहिली ती यंत्राने द्यायच्या उत्तराची बाजू. माणसाने द्यायच्या उत्तराचं महत्त्व बोत्सवानाच्या अनुभवावरून कळतं. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा नोम अँग्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे ४,५०० कुटुंबांबरोबर प्रयोग केला. काही घरांना दर आठवड्याला गणिताचे प्रश्न एसएमएसने पाठवले. काही घरांना एसएमएसबरोबर शिक्षकाचा आठवड्यातून एक फोन, पंधरा-वीस मिनिटांचा, मुलाशी आणि पालकाशी बोलणारा. नुसत्या एसएमएसचा खात्रीने सांगावा असा परिणाम दिसला नाही, फोनचा दिसला. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, व्हिडिओ नाही. साधा फोन आणि पलीकडे ‘तू हे कसं काढलंस?’ असं विचारणारा माणूस. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ बीबीसीवरच्या व्याख्यानांमुळे जगभर गाजलं, पण १९७१मध्ये पहिले विद्यार्थी आले तेव्हापासून त्याचा कणा होता तो गृहपाठावर सविस्तर शेरे लिहिणारा शिक्षक. १९८९ साली राम ताकवले यांच्या कुलगुरुपदाखाली नाशिकला सुरू झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या रचनेतही स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकांबरोबर अभ्यासकेंद्र आणि तिथले समंत्रक होते. त्या काळात साधनं अपुरी होती, म्हणून माणूस जोडावा लागला, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, ज्यांना विद्यार्थी दिसत नव्हता, त्यांना त्याला एकटं सोडण्याचा धोका नीट दिसला होता. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकल मूर यांनी १९७०च्या दशकापासून हेच मांडलं: दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरचं नसतं, ते शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती होतो यावर वाढतं किंवा घटतं. त्या हिशेबाने साठ जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेलं मूलही दूर असू शकतं आणि आठवड्यातून एकदा फोनवर बोलणारं मूल जवळ.

या अंतराची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या कम्युनिटी महाविद्यालयांत डी शू आणि शॅना जॅगर्स यांना ऑनलाइन अभ्यासक्रमांत सगळ्यांचीच कामगिरी खालावलेली दिसली. आधीपासून मागे असलेल्यांची अधिकच. घरी शिकलेलं कोणी आहे, अभ्यासाला जागा आहे, वेळेचं भान आधीच अंगी बाणलेलं आहे, अशा विद्यार्थ्याला शिक्षकाविनाही चालून जातं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याला ‘तुझ्या सोयीने शीक’ म्हणणं म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणं. महासाथीच्या काळात आपण ते पाहिलं. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या अहवालासाठी २०२१ साली झालेल्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०१८मधल्या ३६.५ टक्क्यांवरून ही मोठी झेप होती. पण ज्या घरांत फोन होता तिथल्याही चौथ्या हिश्श्याहून अधिक मुलांना तो अभ्यासाला मिळत नव्हता. फोन घरात येणं आणि मुलाच्या हाती येणं यांत फरक राहिला, आणि हाती आल्यावर शिकणं घडणं हा तर त्याच्या पुढचा टप्पा.

आता सर्वात वजनदार आक्षेप. हे सगळं ठीक, पण ऑनलाइनचं आकर्षणच एका शिक्षकाने लाखोंना शिकवण्यात आहे. प्रत्येकाला उत्तर द्यायचं म्हटलं तर खर्च वाढेल आणि मग वर्गच काय वाईट? खर्च वाढेल, हे मान्य करायला हवं. पण किती आणि कुठे, हे पाहिलं तर चित्र तितकं अवघड नाही. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरचा अभ्यास केला. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. सॉफ्टवेअरने प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीवरचे प्रश्न दिले आणि चुकांनुसार पुढची वाट ठरवली. त्याच केंद्रात लहान गटांना शिकवणारा माणूसही होता. चिठ्ठी टाकून निवडलेली मुलं साडेचार महिन्यांत, निवड न झालेल्यांपेक्षा गणितात आणि हिंदीत स्पष्टपणे पुढे गेली. पातळी ओळखणं, वारंवार येणाऱ्या चुकांना उत्तर देणं, आठवणीने पुन्हा विचारणं ही कामं यंत्र करू शकतं. त्यातून वाचलेला शिक्षकाचा वेळ यंत्राला न कळणाऱ्या चुकांवर आणि खचलेल्या विद्यार्थ्यावर खर्च करता येतो. स्वस्त पळवाटा मात्र टिकत नाहीत. हार्वर्ड, एमआयटी आणि स्टॅनफर्डच्या सुमारे २५० अभ्यासक्रमांत अडीच लाख विद्यार्थ्यांना अभ्यासाची आखणी करायला लावण्यासारखे सौम्य धक्के देऊन पाहिले. परिणाम छोटा होता आणि काही आठवड्यांत ओसरला.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेचा गुरुजी पुरेल का? तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत जवळपास हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग इथे डोळे उघडणारा आहे. गणिताच्या सरावात एका गटाला साधा जीपीटी दिला. सरावात त्यांचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले. तो काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा, ज्यांना तो कधी मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा ते १७ टक्क्यांनी मागे पडले. दुसऱ्या गटाच्या जीपीटीला आयतं उत्तर न देता फक्त इशारे द्यायला शिकवलं होतं, आणि विद्यार्थी कुठे चुकतात हे शिक्षकांनी त्याला आधी पुरवलं होतं. त्या गटाचं नुकसान जवळजवळ टळलं. तंत्रज्ञान दोन्हीकडे एकच होतं. एकीकडे विद्यार्थ्याच्या वाट्याचं काम यंत्राने केलं, दुसरीकडे ते विद्यार्थ्यालाच करू दिलं. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली म्हटलं होतं की किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपलं पोषण जसं बदलत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही. पुढे त्यावर मोठे वाद झाले, पण नवीन ट्रक दिसला की त्यातला माल तपासायचा, ही सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

काही गोष्टी ऑनलाइन होत नाहीत, हेही स्वच्छ सांगितलं पाहिजे. पहिली-दुसरीच्या मुलाला वाचायला शिकवणं, प्रयोगशाळेत हात बसणं, रुग्णाला तपासणं यांना समोर माणूस लागतो आणि तिथे पडद्याचा हट्ट धरणं हे नुकसान आहे. मोठ्यांच्या अभ्यासक्रमांतही थेट तासाला व्याख्यान देत बसणं हा त्या तासाचा अपव्ययच. सगळे एकाच वेळी हजर असण्याची संधी आठवड्याच्या चुका समोर मांडायला, वाद घालायला, एकमेकांची उत्तरं तपासायला वापरावी. ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन मंचावर आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमाचे जे अभ्यासक्रम आहेत, त्यांना दर आठवड्याचा स्वाध्याय आहे, शेवटी केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा आहे आणि महाविद्यालयांत स्थानिक केंद्रांची सोय आहे. या तिसऱ्या सोयीकडे महाविद्यालयांनी नीट लक्ष दिलं, आठवड्यातून एक तास एका प्राध्यापकाने त्या स्वाध्यायांवर विद्यार्थ्यांबरोबर बसायचं ठरवलं, तर देशातली उत्तम व्याख्यानं आणि गावातला माणूस एकत्र येतील. नवा व्हिडिओ एकही न बनवता हे होऊ शकतं. त्यासाठी त्या प्राध्यापकाचा तो तास कार्यभारात धरला मात्र पाहिजे.

सरकारी खाती, विद्यापीठं आणि खासगी संस्था ऑनलाइन अभ्यासक्रमांची कंत्राटं देतात तेव्हा त्यांनी निदान निम्मा पैसा तपासणीसाठी आणि विद्यार्थ्याशी बोलण्यासाठी राखून ठेवावा, असं माझं मत आहे. व्हिडिओच्या तासांवर बिल निघत असेल तर व्हिडिओचे तासच वाढणार. आणि वाचकहो, तुम्ही स्वतःसाठी किंवा मुलांसाठी एखाद्या अभ्यासक्रमाचे पैसे भरणार असाल, तर किती तासांची सामग्री मिळेल हे विचारत बसू नका. पहिल्या आठवड्यात काय करून द्यावं लागेल, ते कोण तपासणार, किती दिवसांत, आणि अडलं तर माणसाशी कधी बोलता येईल, हे विचारा. आधीच्या विद्यार्थ्याचा तपासलेला एखादा गृहपाठ, नाव झाकून, दाखवायला सांगा. तो दाखवता आला नाही, तर पैसे भरू नका.